पावलांचा आवाज आधी, बाकी सगळं नंतर

‘थीफ’ या व्हिडिओ गेमचा पुढचा भाग कधी येणार, यापेक्षा त्यात पहारेकऱ्याच्या बुटांचा आवाज कसा येणार हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. चित्रं चांगली असतीलच, हल्ली सगळ्यांचीच असतात. गोष्टही कुणीतरी बरी लिहील. पण भिंतीपलीकडे चालणारा माणूस फरशीवर आहे की लाकडावर, इकडे येतोय की लांब चाललाय, हे डोळे मिटून कळणार नसेल तर त्या खेळाला थीफ म्हणायचं कशाला?

ही मालिका ज्यांनी खेळलेली नाही त्यांच्यासाठी थोडं मागचं सांगतो. साताऱ्यात-सांगलीत गेम म्हटलं की फ्री फायर, बीजीएमआय नाहीतर जीटीए, त्यामुळे थीफ माहीत नसणं साहजिक आहे. ‘थीफ: द डार्क प्रोजेक्ट’ हा पहिला भाग १९९८ च्या अखेरीस आला. बोस्टनला लागून असलेल्या केंब्रिजच्या लुकिंग ग्लास स्टुडिओजनं तो केला. नायक गॅरेट, धंद्यानं चोर. कमरेला तलवार आहे, पण दोन पहारेकरी एकदम अंगावर आले की तो गेलाच म्हणून समजा. म्हणून लढायच्या भानगडीत पडायचं नाही. सावलीत उभं राहायचं, कान द्यायचे, वाट बघायची. मार्च २००० मध्ये ‘थीफ २: द मेटल एज’ आला आणि दोनच महिन्यांत लुकिंग ग्लासला टाळं लागलं. तिसरा भाग, ‘डेडली शॅडोज’, २००४ मध्ये ऑस्टिनच्या आयन स्टॉर्मनं काढला. मग दहा वर्षांचा खंड पडला आणि २०१४ मध्ये आयडॉस माँट्रियलनं नुसत्या ‘थीफ’ या नावानं सगळा डाव नव्यानं मांडला. त्यानंतर मुख्य मालिकेत काहीच नाही. २०२५ मध्ये ‘लेगसी ऑफ शॅडो’ आला, पण तो व्हीआर चष्मा असणाऱ्यांसाठी, आणि त्यातला मुख्य चोर गॅरेट नाही. गॅरेटला मुळात ज्यांनी आवाज दिला ते स्टीफन रसेल त्यात परत आले, याचा आनंद आहे. तरी ज्याची वाट बघतोय तो पुढचा भाग हा नव्हे.

पहिल्या थीफचे प्रकल्पप्रमुख ग्रेग लोपिकोलो आणि ध्वनीची बाजू सांभाळणारे एरिक ब्रोसियस हे दोघंही त्याआधी बोस्टनच्या ‘ट्राइब’ नावाच्या रॉक बँडमध्ये वाजवायचे. लोपिकोलो बेस, ब्रोसियस गिटार. पुढे दोघंही हार्मोनिक्समध्ये गेले, म्हणजे गिटार हिरो करणाऱ्यांकडे. वाजवणाऱ्या माणसांच्या हातात खेळ गेला की काय होतं ते थीफमध्ये ऐकू येतं. गेममध्ये सहसा आवाज शेवटी येऊन बसतो. इथे खेळाचा पायाच आवाजावर घातलाय.

वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आहे. तसल्या जुन्या वाड्यात ज्याचं जाणं-येणं आहे त्याला हे पटकन समजेल. चौकातल्या दगडावर पाऊल एक वाजतं, सारवलेल्या जमिनीवर वाजतच नाही, जिन्याची पायरी करकरते आणि माडीच्या फळ्यांवर कुणी चाललं की खाली बसलेल्याला ते कुठवर गेलं हे मान वर न करता कळतं. थीफमध्ये नेमकं हेच आहे. गालिचा, गवत, माती यांवरून चालावं, आवाज जवळजवळ होत नाही. लाकूड मधलं. दगड, टाइल आणि सगळ्यात वाईट लोखंडी जाळी, यांवर धावलात तर दोन खोल्या पलीकडचा माणूस वळतो. त्यात आपल्या चालीचा हिशोब वेगळा. धावणं, चालणं, वाकून सरकणं, प्रत्येकाचा आवाज निराळा. टाइलवरून जायचंच असेल तर मॉस ॲरो, म्हणजे शेवाळाचा बाण, पुढे जमिनीवर मारायचा. तिथे मऊ शेवाळ पसरतं आणि त्यावरून निवांत जाता येतं. बाण मात्र मोजके मिळतात, म्हणून आधी कान लावून ठरवायचं की तिथे खरंच गरज आहे का.

हे सगळं चालतं कसं, ते माहीत असलं की पुढच्या भागाकडून काय मागायचं तेही नीट ठरतं. पहिले दोन थीफ ज्या सॉफ्टवेअरवर उभे आहेत त्या डार्क इंजिनमध्ये नकाशा बनवणारा प्रत्येक खोलीभोवती एक अदृश्य चौकट आखतो. दोन चौकटी जिथे एकमेकींना चिकटतात, म्हणजे दारात, जिन्यात, खिडकीत, तिथून आवाज पुढे जातो. भिंत फोडून तो सरळ येत नाही, दारावाटे वळसा घालून येतो. त्यामुळे शेजारच्या खोलीतला पहारेकरी भिंतीकडून न येता दाराकडून ऐकू येतो आणि आपण आपोआप दाराकडे बघतो. दार लावलं की आवाज दबतो. आणि पहारेकऱ्यालाही आपला आवाज याच वाटेनं पोचतो. ही शेवटची गोष्ट सगळ्यात मोलाची. तुम्हाला जे ऐकू येतं ते ज्या नियमानं, त्याच नियमानं त्याला तुम्ही ऐकू जाता. म्हणून पकडले गेलात तरी राग येत नाही. चूक कुठे झाली ते कळलेलं असतं.

पहारेकऱ्यालाही एका पावलात सगळं कळत नाही. आधी नुसता थबकतो, काहीतरी पुटपुटतो. पुन्हा आवाज झाला तर शोधायला निघतो. दिसलात तर धावून येतो. मधल्या पायरीवर तुम्ही गप्प उभे राहिलात तर हळूहळू थंड होऊन आपल्या फेरीला लागतो. या प्रत्येक पायरीचं वाक्य वेगळं आहे, त्यामुळे पडद्यावर एकही खूण न दाखवता खेळ सांगतो की तुम्ही किती गोत्यात आहात. पहिल्याच मोहिमेत, लॉर्ड बॅफर्डच्या हवेलीत, दोन पहारेकरी अस्वलांच्या झुंजीवर गप्पा मारत असतात. चाहते त्या गप्पा आजही तोंडपाठ म्हणतात. विनोदी आहेत हे खरं, पण त्या गप्पांनी आधी जागा दाखवली, दोघं कुठे उभे आहेत ते.

आता २०१४ चा भाग. तो मनापासून केलेला होता, आणि शहर दिसायला देखणं होतं. पण आवाजात घोळ झाला. लांबचं बोलणं भिंतीपलीकडून कानाशी बोलल्यासारखं यायचं, तीच वाक्यं पुन्हा पुन्हा आणि एकावर एक. आवाजावरून अंतर काढताच येईना, मग खेळाडू आपसूक डोळ्यांवर आला. डोळ्यांच्या मदतीला ‘फोकस’ नावाची नजर दिलेली होती, जी दाबली की घ्यायच्या, चढायच्या, उघडायच्या वस्तू निळ्या चमकतात. एक कच्चा दुवा झाकायला दुसरी कुबडी, असं ते झालं. दोरीचा बाण ठरवून दिलेल्या तुळयांवरच लागायचा. पहिल्या दोन भागांत लाकूड दिसलं की मारा बाण आणि चढा. बनवणाऱ्यानं न योजलेल्या छपरावर पोचण्याची मजा त्यातच होती. उडी मारायची स्वतंत्र कळही २०१४ मध्ये नव्हती. कठडा आला की खेळच ठरवणार, इथून जाता येतं की नाही.

तरी त्या भागानं दोन गोष्टी शिकवल्या, त्या विसरू नयेत. एक म्हणजे, चाहत्यांनी ओरड केली तेव्हा पडद्यावर बटण उमटेल तसं दाबायचे प्रसंग त्यांनी प्रकाशनाआधी काढून टाकले. म्हणजे नीट कारण देऊन मागितलं तर ऐकणारे लोक असतात. दुसरी म्हणजे त्यातली स्वतःची काठिण्यपातळी. फोकस बंद, कुणाला बेशुद्ध करायचं नाही, एकदा मेलात की संपलं, अशा अटी आपल्या आपण लावून घ्यायच्या. पुढच्या भागात ही सोय हवीच. जुन्या भागांतल्या ‘एक्स्पर्ट’ या सर्वांत कठीण पातळीची गंमत वेगळी होती. तिथे शत्रूंचं रक्त वाढवून ठेवलेलं नव्हतं, कामं वाढवलेली होती. चोरी जास्त करायची, आणि कुणाला मारायचं नाही. चोर खुनी नसतो, हा दंडक खेळानंच घालून दिला.

उजेडाबद्दल मला आवाजाइतकीच काळजी वाटते. जुन्या थीफमध्ये पडद्याच्या तळाशी एक रत्न असतं. तुम्ही अंधारात असलात की ते काळं, उजेडात आलात की पेटतं. हलल्यानं, उभं राहिल्यानं, हातात शस्त्र घेतल्यानं ते आणखी उजळतं. पाण्याचा बाण मशालीवर मारला की सावली तयार होते. दुसऱ्या भागात विजेचे दिवे वाढले, ते पाण्यानं विझेनात, आणि सगळं गणित बदललं. साधा नियम बदलून खेळ नवा कसा करावा याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

आजच्या इंजिनांत अडचण अशी की प्रकाश भिंतीवरून उसळी मारून कोपऱ्याकोपऱ्यात पोचतो. दिसायला सुरेख, पण मग काळाकुट्ट कोपरा उरत नाही, सगळीकडे करडं होतं. इथे लपलोय की नाही हे डोळ्याला सांगता येत नाही. त्यात कॅमेऱ्याची आपोआप जुळणारी उजेडाची पातळी. अंधाऱ्या खोलीत शिरलात की चित्र दोन क्षणांत उजळतं, जणू डोळा सरावला. इतर खेळांत हे छान वाटतं, चोरीच्या खेळात घात करतं, कारण पडद्यावरचा उजेड आणि पहारेकऱ्याला दिसणारा उजेड यांची फारकत होते. हे टाळायला वेगळं संशोधन लागत नाही. ती जुळवाजुळव एका मर्यादेबाहेर जाऊ द्यायची नाही, सावल्यांच्या कडा मुद्दाम ठळक ठेवायच्या आणि रत्न परत आणायचं, बस.

नकाशाबद्दल थोडक्यात. गॅरेटकडे हाताने काढलेला, अर्धवट नकाशा असे. कुठे जायचं त्याचा बाण नाही, ठिपका नाही. तो तसाच हवा. लुटीचा माल दुरून चमकायला नको. मोहिमेच्या मध्ये खिडकीच्या फटीतून अंग चोरत जाण्याच्या नावाखाली लोडिंग नको. आजच्या डिस्कांच्या वेगात त्याची गरजही नाही.

पुढचा भाग येईपर्यंत जुने खेळून कान तयार ठेवावेत, आणि त्यासाठी महागडं मशीन लागत नाही. सेकंडहँड लॅपटॉपवर, वेगळं ग्राफिक्स कार्ड नसतानाही, पहिले दोन भाग आरामात चालतात. गॉग किंवा स्टीम या ऑनलाइन दुकानांतून घ्यावेत, पण तसेच खेळू नयेत. २०१२ मध्ये ‘न्यूडार्क’ ही एका निनावी माणसानं केलेली दुरुस्ती आली आणि तिनं जुनं इंजिन आजच्या विंडोजवर उभं केलं. त्याआधी एकाहून जास्त कोअर असलेल्या प्रोसेसरवर खेळ मध्येच बंद पडायचा. पहिल्या भागासाठी ‘टीफिक्स’ आणि दुसऱ्यासाठी ‘टीटूफिक्स’ हे तयार संच न्यूडार्कसकट येतात. खेळ ‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्ये टाकू नका. तिथे विंडोज लिहू देत नाही, मग सेटिंग आणि सेव्ह टिकत नाहीत. सी ड्राइव्हवर वेगळं फोल्डर करा, खेळ तिथे टाका, एकदा चालवून बंद करा आणि मग फिक्स चढवा.

आवाजाचं आणखी एक. हे खेळ ए-थ्री-डी आणि ईएएक्स या जुन्या ध्वनितंत्रांच्या काळातले, साउंडकार्ड दिशा काढून द्यायचं. विंडोज व्हिस्टापासून ती वाट बंद झाली आणि थीफ सपाट वाजू लागला. बऱ्याच जणांनी तो सपाट थीफच खेळलाय आणि लोक एवढं कशाला डोक्यावर घेतात असं म्हणून सोडून दिलाय. न्यूडार्कमुळे ओपनएएल या ध्वनीच्या सॉफ्टवेअरवाटे दिशा परत मिळते. खेळाच्या ऑडिओ पर्यायात हार्डवेअर ॲक्सेलरेशन चालू करायचं आणि हेडफोन असेल तर ओपनएएल सॉफ्टच्या सेटिंगमध्ये एचआरटीएफ, म्हणजे दोन कानांत आवाज जसा पोचतो तसा तो घडवून दिशा दाखवणारी सोय. स्पीकरवर एचआरटीएफ लावू नका, आवाज पोकळ होतो. विंडोजचा किंवा हेडफोनबरोबर आलेला ‘व्हर्च्युअल सराउंड’ बंद ठेवा, नाहीतर दिशेवर दोनदा प्रक्रिया होऊन मागचा माणूस पुढून ऐकू येतो. ब्लूटूथचा नेकबँडही नको. त्यात आवाज किंचित उशिरा पोचतो आणि कोपऱ्यावर तेवढ्यात खेळ खलास. साधा वायरचा, कान पूर्ण झाकणारा हेडफोन बरा. सांगलीच्या एप्रिल-मे महिन्यात पंखा बंद करून कुणी बसू शकत नाही, आणि पंख्याच्या घरघरीत गालिच्यावरची पावलं बुडतात. विसर्जनाच्या दिवसांत डॉल्बी सुरू असताना तर नादच सोडावा.

पडद्याचा ब्राइटनेस वाढवून अंधार घालवू नका. मागची खिडकी झाका, खोलीतला दिवा बंद करा, गॅमा एवढाच ठेवा की काळ्या कोपऱ्यात फक्त दाराची चौकट कळेल. मोहिमेच्या मध्ये खेळ आपणहून सेव्ह करत नाही. डेस्कटॉपला यूपीएस नसेल आणि वीज जायची वेळ असेल तर प्रत्येक नव्या दाराआधी स्वतः सेव्ह करायची सवय लावा.

आता पुढचा भाग येण्याची शक्यता. २०२२ मध्ये स्क्वेअर एनिक्सनं आयडॉस माँट्रियल, क्रिस्टल डायनॅमिक्स आणि त्यांच्या मालिका, थीफसकट, स्वीडनच्या एम्ब्रेसर ग्रुपला ३० कोटी डॉलरला विकल्या. पुढे एम्ब्रेसरचंच गणित कोलमडलं आणि जानेवारी २०२४ मध्ये आयडॉस माँट्रियलमधून ९७ जणांना कमी केलं गेलं. अशा घरातून शेकडो माणसांचा, पाच-सहा वर्षांचा प्रकल्प निघेल यावर मी आशा बांधत नाही. आशा लहान चमूची आहे. थीफला उघडं जग लागत नाही, हजार आवाजांचे कलाकार लागत नाहीत. दहा-पंधरा मोठ्या, नीट विचार केलेल्या इमारती लागतात आणि त्यांत खरी वाजणारी जमीन. पहिल्या भागात बारा मोहिमा होत्या. १९९९ च्या ‘थीफ गोल्ड’मध्ये तीन वाढवल्या. तेवढ्यावर लोक पंचवीस वर्षांहून जास्त काळ खेळतायत.

गोष्टीबद्दल चाहत्यांत दोन तट आहेत. काहींना गॅरेटच हवा. मला वाटतं, त्याला आता सुखानं राहू द्यावं. पहिल्या भागाच्या सुरुवातीला तो भुकेला पोरगा असतो, खिसा कापताना पकडला जातो. तिसऱ्याच्या शेवटी एक लहान मुलगी त्याचा खिसा कापायला जाते आणि तो तिला पकडतो. पुढची नायिका तिथेच उभी करून ठेवलेली आहे. तिला मोठी करा, गॅरेट म्हातारा गुरू म्हणून कधीमधी बोलू दे.

पण आवाज आणि उजेड यांच्या खालोखाल माझं मागणं एडिटरचं, म्हणजे खेळाडूंना स्वतः मोहिमा बनवता येतील अशा साधनाचं आहे. थीफ गोल्डच्या सीडीवर ‘ड्रोमएड’ दिला होता आणि त्याच्या जोरावर शेकडो नव्या मोहिमा चाहत्यांनी बनवल्या. २००५ मध्ये ‘टीटूएक्स’ नावाची तेरा मोहिमांची अख्खी मालिका आली, डिसेंबर २०२३ मध्ये ‘द ब्लॅक परेड’च्या दहा. मूळ खेळाशेजारी मान ताठ ठेवून उभं राहावं असं ते काम आहे. २०१४ च्या भागाला एडिटर दिला नाही आणि त्याच्याभोवती असं काही उगवलं नाही.

ड्रोमएड रुक्ष आहे, पण त्याचं तर्कशास्त्र गमतीचं आहे. त्यातलं जग सुरुवातीला सगळं घन असतं, एक सलग कातळ. त्यात ‘हवा’ कोरत जायचं. म्हणजे वाडा बांधायचा नाही, लेण्यासारखा खोदायचा. खोल्या कोरून झाल्या की आवाजाच्या चौकटी आखायच्या, दारात एकमेकींना बरोबर भिडतील अशा. मधे फट राहिली तर तिथे आवाज तुटतो आणि पलीकडचा पहारेकरी बहिरा होतो. मशालीचा उजेड तिच्या वस्तूतूनच यायला हवा. तिच्याशेजारी नुसता स्थिर दिवा ठेवलात तर पाण्याच्या बाणानं ज्योत जाते आणि भिंत उजळलेलीच राहते. मग पोर्टलाइझ, ऑप्टिमाइझ, लाइट, रूम डेटाबेस, पाथफाइंडिंग डेटाबेस, हे सगळं नव्यानं मोजून घ्यायचं. शेवटचं राहिलं तर पहारेकरी जागचा हलत नाही आणि नवखा माणूस दिवसभर त्याच्या फेरीच्या खुणा तपासत बसतो.

सर्वांत जास्त फसगत जमिनीत होते. पावलाचा आवाज टेक्स्चरवरून, म्हणजे जमिनीवर चिकटवलेल्या चित्रावरून ठरतो. सारवलेल्या जमिनीचा सुंदर फोटो काढून आणलात, लावलात, पण तो कोणत्या पदार्थाचा हे सांगितलं नाहीत तर दिसायला शेणमाती आणि पायाखाली भलतंच काहीतरी वाजतं. प्रत्येक नव्या टेक्स्चरला त्याचा पदार्थ नेमून द्यावा, मग त्यावर स्वतः चालून, वाकून, धावून बघावं.

सांगली जिल्ह्यात बाणूरगडावर बहिर्जी नाईकांची समाधी आहे. गडाच्या पायथ्यापासून वर, एकाही पहारेकऱ्याला न दुखावता, फक्त बातमी घेऊन परत यायचं, अशी मोहीम थीफच्या नियमांत चपखल बसते. आजच्या आज सुरुवात करायची असेल तर थीफच्या धर्तीवर चाहत्यांनीच बनवलेला ‘द डार्क मॉड’ हा खेळ घ्या. तो फुकट आहे, २०१३ पासून स्वतंत्र चालतो, दुसरा खेळ विकत घ्यावा लागत नाही, लिनक्सवरही चालतो, आणि त्याचा एडिटर डार्करेडियंट ड्रोमएडपेक्षा पुष्कळ माणसाळलेला आहे. पहिली मोहीम म्हणून गड घेऊ नका. एक चौक, चार खोल्या, एक जिना, दोन पहारेकरी आणि निदान तीन तऱ्हेच्या जमिनी एवढंच घ्या, आणि ते वाजायला हवं तसं वाजेपर्यंत पाचवी खोली काढू नका.